गोठा म्हणून लिहिलेलं घर

आत्याबाई,

तुम्हाला लिहायला बसले नव्हते. वकिलाने टाईप करून आणलेल्या कागदावर सही करायला मी नाही म्हणाले, तेव्हा तो चिडला. म्हणाला, "मग आजी, तुमचं तुम्हीच लिहून आणा, सुनावणीत तेच वाचून दाखवू." म्हणून नातीच्या वहीतली मधली पानं काढली, दुपारची भांडी घासून झाल्यावर ओट्यावर बसले आणि पहिली ओळ लिहिली, 'सदर मिळकत हे आमचे राहते घर आहे.' त्यापुढे पेन हलेना. पुढचं खरं लिहायचं तर तुम्हाला मध्ये आणावं लागतं, आणि तुम्ही एकदा मध्ये आलात की दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही, ही तुमची सासूपणाची जुनी खोड. तेव्हा म्हटलं, आधी तुमच्याशी काय ते बोलून घेते, वकिलाचं मागाहून बघू. मी चौथी शिकलेली. काना-मात्रा चुकेल, पण तुम्ही अंगठेबहाद्दर, तुम्हाला कुठे कळणार आहे.

झालंय असं की लोणी गावाच्या वरच्या अंगाने नवा मोठा रस्ता निघालाय. किती गाड्या एका वेळी जातील ते माझा मुलगा दोन्ही हातांची बोटं पसरून सांगतो. त्याचं आळेफाट्याला टायरचं दुकान आहे, त्याला रस्ता म्हटला की देव भेटल्यासारखं होतं. त्या रस्त्याची रेघ आपल्या वावरातून जाते आणि वावरातून जाता जाता बरोबर घराच्या कण्यावरून जाते. मोजणीवाले आले ते सकाळच्या कामात. एक साहेब, डोक्यावर काळा चष्मा चढवलेला, एक टेपवाला आणि एक चुन्याची फक्की टाकणारा. टेप थेट माझ्या चुलीपर्यंत आणली. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. साहेबाने हातातला कागद बघितला, घर बघितलं, परत कागद बघितला.

"आजी, इथं नोंद गोठ्याची आहे."

"मग मी कोण? म्हैस?"

टेपवाला फिसकन हसला. साहेब हसला नाही.

"पंचायतीच्या रजिस्टरला तसं आहे. मी माझ्या मनाचं सांगत नाही."

"आत या. चूल बघा, देव बघा, फ्रीज बघा. गोठ्यात फ्रीज असतो का राव?"

"आजी, काय आहे ते आम्ही बघत नाही. काय लिहिलंय ते बघतो."

तेवढ्यात टेपवाला टेप गुंडाळत उलटा उलटा बाहेर निघाला आणि उंबऱ्याला अडखळून आपटता आपटता वाचला. टाचेला लागलं, कळवळला. मी म्हटलं, "तुला काय लागलं न्हाई बाबा. गोठ्याला उंबरा नसतो. कागदात बघ." मग मात्र साहेबालाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच त्याने खरी गोष्ट सांगून टाकली. राहतं घर असतं तर रेघ ओढ्याकडे सरकवायचा प्रस्ताव टाकता येतो. तिकडे पडीक आहे, कोणाचं काही जात नाही. गोठ्यासाठी रस्ता वळत नाही. मी त्यांना चहा पाजून पाठवलं. त्यानंतर नोटीस आली. नातीने वाचली, 'सदर गोठा पंधरा दिवसांच्या आत हटविण्यात यावा.' वावराचा तुकडा जाणार म्हणून मनाची तयारी केली होती, वावर सगळ्यांचंच चाललंय. पण घर नाही. घराला हात लावायचा नाही.

मुलगा दुकान बंद करून आला. त्याने नोटीस दोनदा वाचली आणि तुमचं नाव घेतलं. "ही आजीची करामत. घरपट्टी वाचवायला लिहून दिलं असंल गोठा म्हणून. लई पक्की व्हती म्हातारी." भावकीतले दोघे बसले होते, त्यांनीही माना डोलवल्या. हो हो, तसलीच व्हती. मी कांदा चिरत होते. काही बोलले नाही. मुलाने मला समजावलं, आळेफाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय, खाली दुकानं आहेत, दवाखाना हाकेवर आहे. "आई, लिफ्ट हाय तिथं." मी विचारलं, "लिफ्टमधी शेळी चढती का?" तसा वाईट नाही तो. त्याला वाटतं, घर म्हणजे राहायची जागा.

आता ती गोष्ट, जी मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितली नाही. म्हातारीची करामत नव्हती ती.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला या माळावर येऊन वर्षही झालं नव्हतं. तिकडे डोंगरात धरणाचं पाणी चढत होतं, आणि तुम्हाला इकडे पूर्वेला, या मुरमाड तुकड्यावर आणून टाकलं होतं. भात पिकवणारी माणसं तुम्ही, इथे बाजरीसुद्धा रडत रडत यायची. चार भिंती उभ्या होत्या, वर पत्रा, दाराला फळी. वऱ्हाड आलं, माझ्या आईने तांदळाचं माप भरून दिलं होतं, नवरीने दारात माप ओलांडायचं असतं म्हणून. तुम्ही ते माप माझ्या करवलीच्या हातातून घेतलंत आणि सरळ आत नेऊन डब्यात ओतलंत. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणालात, "घर पाण्याखाली हाय. ह्यो गोठा. गोठ्यात काय माप वलांडायचं? ये अशीच आत." दाराला उंबराच नव्हता. तुम्ही बसवूच दिला नव्हता. मी तशीच आत आले, शेरडासारखी. बायका आपापसात बघत होत्या. माझ्या आईने डोळ्याला पदर लावला, मी नाही लावला. मी त्या क्षणाला तुमच्यावर जो राग धरला तो जपून ठेवला. काही माणसं सोनं ठेवतात, मी तो ठेवला.

आणि तुम्हीही विसरू दिलं नाहीत. पाहुणं कुठून आलं, तर 'गोठ्यावर' आलं. सण आला तरी 'गोठ्यात कसला सण'. मी सकाळी उठून दारात सडा टाकायची, चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढायची, आणि तुम्ही शेणाची पाटी घेऊन त्यावरून पाय घासत जायच्या. दोन वर्षं रोज. मी काढायची, तुम्ही मोडायच्या. तुमचा मुलगा मधून वाकून निघून जायचा, त्याने ना कधी रांगोळी बघितली ना तुमचे पाय.

असाच एक दिवस. रांगोळी मोडून तुम्ही बाजाराला गेलात. मी अजून दारात फडकं घेऊन उभी होते आणि ग्रामसेवक आला सायकलवरून, काखेत रजिस्टर. नव्या वस्तीची नोंद करत हिंडत होता. "काय बाई, हे घर का तुमचं?" मी म्हटलं, "घर? छे. गोठा हाय. आमच्या आत्याबाई रोज सांगत्यात. लिवा." तो हसला. "खरंच लिहू?" मी म्हटलं, "लिवा की. मी बी ह्याच दावणीची." त्याने लिहिलं. माझ्याच समोर लिहिलं, मला तेवढं वाचता येत होतं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. आठ दिवस मी मनातल्या मनात हसत होते की तुमचा शब्द सरकारच्या वहीत कायमचा चिकटवून टाकला, आता बसा गोठ्यात. मग पोरं झाली, विहीर खोदली, आणि मी ते विसरले. सरकारची वही विसरत नाही.

वकिलाच्या कागदात काय होतं माहीत आहे? 'मयत सासूने अज्ञानापोटी चुकीची नोंद केली.' वकील म्हणाला, "मेलेल्या माणसावर टाकलं की कोणी उलट विचारत नाही. सोपं पडतं." खरं सांगते, मी पेन हातात घेतलं होतं. मुलाने तुमचं नाव घेतलं तेव्हा जशी गप्प बसले, तशीच सहीही करणार होते. मग ते 'अज्ञानापोटी' वाचलं आणि थांबले. तुम्ही काहीही असाल, अज्ञानी नव्हता. या माळावरचे दगड तुम्ही पाच वर्षं वेचलेत. उन्हाचा पारा चढलेला असायचा आणि तुम्ही पाटी भरून बांधाला दगड नेऊन टाकायच्या. घर डोंगरात पाण्याखाली असलेल्या बाईने इथे एवढे दगड कशाला वेचले, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर दगड माझ्याच डोक्यात घातला असतात.

नोटीस आली त्याच आठवड्यात नातीने मोबाईलवर एक बाई दाखवली. पॅलेस्टाईन म्हणून मुलूख आहे, लांब, तिथली. वयाने माझ्याएवढी, डोक्याचं फडकं हनुवटीखाली घट्ट खोचलेलं. मागे तिचं घर पडलेलं, भिंतीतून सळया बाहेर आलेल्या, पाडायचं यंत्र अजून उभं. समोर बंदूकवाले शिपाई, आणि ही बाई त्यातल्या एकाच्या नाकाजवळ बोट नेऊन बोलतेय. भाषा कळेना, पण झाडते आहे हे कळायला भाषा लागत नाही. म्हटलं, "काय म्हणती गं?" नातीने खालचं वाचून सांगितलं. "म्हणती, घरी जाऊन तुझ्या आईला सांग, आज तू काय काम केलंस." मी म्हटलं, "ही माझी कोणतरी लागती." नात हसली. मग तिने बाकीचं सांगितलं. त्यांना घर बांधायची परवानगी मागून मिळत नाही, आणि मग परवानगी नाही म्हणून घर पाडतात. जमिनी घेतात, त्यांची ऑलिव्हची, तेलाची झाडं असतात, आज्या-पणज्याच्या काळची, ती उपटून टाकतात. त्यातली कितीतरी माणसं आधीच एकदा दुसऱ्या गावातून हाकलली गेलेली. आणि काहींना तर सांगतात, तुमचं घर तुम्हीच पाडा, नाहीतर आम्ही पाडू आणि पाडण्याचा खर्चही तुमच्याकडूनच घेऊ. मग बाप आणि पोरं स्वतः हातोडा घेऊन छपरावर चढतात.

ते ऐकलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण तुम्ही एकदा, एकदाच, मला सांगितलं होतं. चुलीपुढे आपण दोघी नाचणीची भाकरी खात होतो, तुमच्या भावाने डोंगरातून आणलेली नाचणी. तुम्ही म्हणालात, पाणी यायच्या आधी घर उतरवायचं होतं, लाकूड तरी हाती लागावं म्हणून. गडी माणसांना छपरावर चढवेना, सगळे खाली बसून राहिले. तेव्हा तुम्ही पदर खोचून चढलात आणि पहिलं कौल तुम्ही काढलंत. "मीच उतरिवलं माझं घर," एवढं म्हणालात आणि ताटात पाणी घालून उठलात. मला तेव्हा वाटलं, फुशारकी मारते म्हातारी. आज मला ती छपरावर चढलेली माणसं दिसली आणि तुम्ही दिसलात. मी उगाच बरोबरी करत नाही. आमच्यावर कोणी बंदूक रोखलेली नाही, आमच्या पोरांना कोणी धरून नेलेलं नाही, आणि माझा साहेब चहा पिऊन गेला. तिचं दुःख तिचं आहे, त्यावर मी माझं नाव लिहिणार नाही. पण घर उभं असताना 'हे घर नाही' असं कागदावर लिहून माणसाला उठवायची रीत मी ओळखते. फरक एवढाच की तिचं दुसऱ्यांनी लिहिलं. माझं मीच लिहून दिलं.

म्हणून उद्या मी साहेबासमोर जाणार आणि सांगणार, ते मी लिहवलं. सासूने नाही. मी वीस वर्षांची होते, अंगात रग होती, सासूशी भांडण होतं आणि घरातल्या दोन बायकांच्या भांडणात सरकारने वही घालायचं काही कारण नव्हतं. चाळीस वर्षं या दारातून माणसं आत-बाहेर गेलीत, तुमची आणि तुमच्या मुलाची अशा दोन तिरड्या निघाल्यात, तीन बाळंतपणं झालीत. गाई बाळंत झाल्या त्या मागच्या अंगाला, त्याचा हिशेब वेगळा. साहेबाला म्हणणार, या वस्तीवरच्या कोणत्याही बाईला विचारा, मी कुठे राहते. आणि एवढं करून यंत्र आलंच, तर मी उंबऱ्यावर बसणार. एकटी नाही. तुमच्याबरोबर उठून आलेल्या घरांतल्या सुना अजून आहेत, सगळ्यांची गुडघेदुखी आहे, एकदा बसल्या की उठायला वेळ लागतो. मुलाला सांगितलंय, "तुला फ्लॅटवर जायचं तर जा, मधी पडू नको." तो म्हणाला, "आई, मी कधी पडलोय का मधी?" बापावर गेलाय.

उंबऱ्याचं आठवतं ना? तुम्ही आळ्याला लग्नाला गेला होतात, चार दिवस. मी गवंड्याला बोलावून घेतलं आणि काळ्या दगडाचा उंबरा बसवला. परत आलात, दारात उभ्या राहिलात. हातात पिशवी तशीच. तुमचा मुलगा बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढून पळाला. मी चुलीपाशी, तुम्ही बाहेर, मध्ये तो दगड. मला वाटलं, आता पहार आणायला सांगतात. बऱ्याच वेळाने तुम्ही लुगडं वर धरलंत, पाय उचललात आणि आत आलात. उंबऱ्यावर पाय नाही दिलात, ओलांडलात. "चहा टाक," म्हणालात. त्यानंतरही गोठाच म्हणायच्या, पण रांगोळीवरून पाय घासणं त्या दिवसापासून बंद झालं. मी जिंकले असं मी धरून चालले. तुम्ही काय धरलंत ते तुम्हालाच ठाऊक.

आता दिवे लागायची वेळ झाली, शेळ्या ओरडायला लागल्यात. यातलं अर्धं पान वकिलाला देईन, बाकीचं पिठाच्या डब्यात ठेवीन. तुमच्या गावाला टपाल जात नाही आणि तुम्हाला वाचता येत नाही, मग पाठवून तरी काय करायचं. पण वकिलाने एक विचारून ठेवलंय, ते मला सकाळपासून टोचतंय. तो म्हणाला, साहेब विचारणार, आजी, तुमची सासू जन्मभर याला गोठाच म्हणत होती ना? घर कधी म्हणाली का? मी त्याला म्हटलं, बघू, आठवते.

आठवायचं काही नाही. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तुमची शुद्ध येत-जात होती. तुमचा मुलगा पायाशी बसला होता, मी उशाशी. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "मला घरी न्या. कोंबड्या झाकायच्या राहिल्यात." तो रडायला लागला. "आईला जुनं घर आठवतंय," म्हणाला. मी म्हटलं, "व्हय, जुनंच." आत्याबाई, डोंगरातल्या घरी तुम्ही कधी कोंबड्या पाळल्या नाहीत, तिथे जंगलातली जनावरं एकही जिवंत ठेवत नव्हती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. कोंबड्या इथल्या. मला त्या क्षणाला कळलं होतं. पण तुम्ही याला घर म्हणालात असं कबूल केलं असतं, तर इतकी वर्षं जपलेला राग मी कुठे नेऊन ठेवणार होते? म्हणून मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, आणि त्यालाही ऐकू दिलं नाही.